फुटाचे साठ

आमच्या चौघांचं घर शाळेच्या व्हॅनवर चालायचं, आणि उन्हाळ्यात त्या व्हॅनचा तवा व्हायचा. महिनाअखेरीला आई डब्यांच्या तळाच्या तीन डाळी एकत्र करून आमटी करायची. अप्पा डोक्यावर ओला पंचा टाकून दिलसुखनगरहून जामबागला पोरं न्यायचे. त्या मार्चात दोन घरांनी पोरं काढून एसीवाल्या व्हॅनला लावली. आणखी चार गेली असती तर आमची गाडी दारातच उभी राहिली असती.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बीकॉम, फर्स्ट क्लास. सांगायला लाजत नाही. टपाला आतून सिरॅमिकचा फवारा मारला की ऊन कमी लागतं, हे मीच मोबाइलवर शोधलं.

“सिरॅमिक म्हणजे काय गं?” अप्पांनी विचारलं.

“चिनी माती,” मी ऐटीत सांगितलं.

“म्हणजे पोरं बरणीत घालून न्यायची?” आई म्हणाली. “मीठ-मोहरी देऊ का?”

अप्पांच्या डोक्यात ती बरणीच बसली. आम्ही दुकानात गेलो. फवारेवाला म्हणाला, “फूट के साठ, चाचा.”

अप्पा भडकले. “बघ! अजून मारलं नाही, आणि फुटायचा भाव सांगतोय!”

“नापके देतुं, चाचा.”

“आता मापून फोडणार!”

“अप्पा, फूट म्हणजे बारा इंचांचा फूट,” मी म्हणाले.

“मग तसं बोलावं की माणसानं.”

मी हिशेब केला. सगळी गाडी आतून मारायची तर दोन महिन्यांचं घरभाडं जात होतं. अप्पा म्हणाले, “टपापुरतंच मार. ऊन काय खालून येतं?”

“इंजन तुमारी सीट के नीचे है, चाचा. गरमी नीचे से बी आती.”

“ती माझी गरमी आहे. इतकी वर्षं सांभाळली, तिला कशाला हाकलायचं?”

विद्यानगरच्या ऑफिसातला माझा पहिला पगार नुकताच झाला होता. मी टपाचे पैसे दिले, आणि सीटखालच्या पत्र्याचेही. अप्पा परतताना वाटभर “उधळी” म्हणत होते, पण सीटवर ऐसपैस टेकून.

व्हॅन काही एसी झाली नाही. तवा मात्र राहिली नाही. अप्पांचा पंचा डोक्यावरून खांद्यावर आला, आणि उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत आमच्या व्हॅनमधलं एकही पोर गेलं नाही.