ठेंगणी बैठक

सर मी केलेल्या बैठकीवर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत वर घेतले आणि गळा ताणून ओरडले, "वांगे घ्या, वांगे! ताजे ताजे वांगे!"

सगळा वर्ग खिदळला. मागून कुणीतरी विचारलं, "पाव किलो कसे हो, मावशी?" सरांनी डोक्यावरचा नसलेला पदर सावरला. पुन्हा हशा. वर्गातल्या रुचिकानं व्हिडिओ काढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो वर्गाच्या ग्रुपवर आला, खाली हसून हसून रडणारे चेहरे.

माझी माय अकोल्याच्या बाजारात भाजी विकते. हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही. पहिल्या वर्षी ओळख करून देताना मीच सांगितलं होतं, ताठ मानेनं.

अमरावतीच्या एका डिझाइन कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला आहे. शहरात कला महोत्सव भरणार होता, मोकळ्या मैदानात, सगळ्यांसाठी. तिथं लोकांना बसायला लागणारं सामान आमच्या वर्गानं करायचं, तेही टाकाऊ वस्तूंतून. त्यावरच वर्षाचे मार्क. कुणी टायरची स्टुलं केली, कुणी लोखंडी पिंप कापून खुर्च्या. मी मोर्शीहून संत्र्याच्या मोडक्या पेट्या आणल्या आणि मायकडून तिच्या भाजीच्या पोत्यांचा फाटका बारदाना.

माय सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जमिनीवर बसते. एक पाय दुमडलेला, एक गुडघा उभा. समोर भाजीचे ढीग, बाजूला काटा. खुर्ची दिली तर तिचा हात भाजीपर्यंत पोचत नाही. पाट दिला तर पाठीला आधार नाही. घरी आली की ती आधी भिंत शोधते, चहा नंतर. म्हणून मी जमिनीला धरून असलेली बैठक केली आणि मागे टेकायला फळी लावली. पेटीच्या फळ्या घासून घासून गुळगुळीत केल्या. बसायच्या जागी बारदान्याची जाड घडी. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा वाटलं होतं, की मला काहीतरी येतं.

आणि सरांनी तिचा तमाशा केला.

हसून झाल्यावर ते उठले, पँट झटकली. "असं बसतं का कुणी? महोत्सवात चांगले लोक येणार आहेत. हिला पाय लाव."

मी म्हटलं, "सर, माझी आई अशीच बसते."

"म्हणून तर तिनं तुला शिकायला पाठवलं ना!"

ते हे प्रेमानं म्हणाले. तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय सांगणार, की खाली काय दिसतं?

मी पाय लावले नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत गेले तर पाय लागलेले होते. चार, चांगले मांडीएवढे उंच. सरांनी कॉलेजच्या सुताराकडून लावून घेतले होते. मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

महोत्सवाला माय आली. दुकान बंद ठेवून, अकोल्याहून गाडीत उभ्यानं. "तुह्यासाठी बनवलं हाय," असं मी तिला आधीच फोनवर सांगून बसले होते. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेली. बैठकीवर कॉलेजनं पाटी लावली होती, 'बाजाराची आठवण'. मायनं बारदाना चाचपला. ओळखला. मग अंग चोरून वर चढली. तिचे पाय जमिनीला टेकेनात. दोन्ही हातांनी कडा धरून ती बसली, पडायच्या भीतीनं.

तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले. "मावशी, उठा जरा. पाहुण्यांना बसायचंय."

माय लगेच उठली. तिला उठायची सवयच आहे. पाहुणे बसले, फोटो झाले. सर त्यांना सांगू लागले, "भाजी विकणाऱ्या बायकांच्या कष्टाला आम्ही मानाची जागा दिली आहे." भाजी विकणारी बाई हातभर अंतरावर पिशवी धरून उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

माय माझ्या कानाशी म्हणाली, "चांगली झाली वं. पण उंच झाली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुणे पुढे गेले तशी मी मंडपामागे गेले. तिथं आमची हत्यारं पडली होती. करवत घेऊन आले, बैठक आडवी पाडली आणि कापायला लागले. पहिला पाय लवकर तुटेना. लोक जमले. सर धावत आले.

"वेड लागलं का तुला?"

कॉलेजात मी नेहमी त्यांच्यासारखंच बोलत आले होते. त्या दिवशी माझी बोली बोलले. "हे माह्या मायचं हाय, सर. तिच्या मापाचं करून राहिली."

चारही पाय कापले. बैठक जमिनीला लावली. "बस, माय."

मायनं माझं मनगट धरलं. "काहून वं असं केलं? तुहे मार्क जातीन!"

"बस तू."

"नाई वं. लोकं पायते."

ती बसली नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. सरांच्या नकलेपेक्षा मला हे जास्त लागलं. तिच्यासाठी केलेल्या जागेवर बसायचीही तिला भीती वाटावी, ही भीती तिच्यात कुणी भरली? एका सरांनी नाही. पण सरही त्यातलेच.

आता कॉलेज म्हणतं, लेखी माफी दे, नाहीतर नापास. तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. त्याची माफी कुणी मागितली नाही, कुणी मागायलाही लावली नाही.

काल मायचा फोन आला. "लिहून दे ना, बाई. काय जाते आपलं?"

आपलं काय जातं ते मी त्या मैदानात पाहिलं आहे, माय.

मी लिहून देणार नाही. परीक्षेला हीच बैठक नेणार, कापल्या पायांच्या खुणांसकट. नापास केलं तर पुढच्या वर्षीही हीच. एक बोटही उंच करणार नाही. ज्याला हिच्यावर बसायचं असेल, त्यानं खाली यावं.