फाटकाच्या आतले हुम दाइ

हुमबहादुर घर्तींना जपानी पोलिसांनी विनातिकीट धरलं आणि बेड्या घालून नेलं, ही बातमी टोकियोतल्या शिन-ओकुबोच्या आमच्या गल्लीत दुपारी पावणेतीनला सुटली. तीनपर्यंत ती मसाल्याच्या दुकानातून मोमोवालीकडे, मोमोवालीकडून न्हाव्याकडे आणि तिथून फोनवरून थेट नेपाळात बागलुङला पोचली. बागलुङात तर त्यांना विमानात बसवून परत धाडल्याचंही ठरून गेलं होतं. यातलं खरं एवढंच, की हुम दाइ, गल्ली त्यांना दाइ म्हणजे दादा म्हणते, स्टेशनात होते. पोलिसांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांना कुणी धरलंच नाही, आणि सगळी अडचण तीच तर होती.

हुम दाइ एक्कावन्न वर्षांचे. अकरा वर्षं गल्लीतल्या एका 'इंडियन' खानावळीत आचारी. मालक नेपाळी, आचारी नेपाळी, भिंतीवर मात्र ताजमहाल. जपानी गिऱ्हाइकांना लागतो तसा हातभर लांब, गोडसर नान त्यांच्यासारखा कुणाला जमत नाही. खोली खानावळीच्या वरच तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे दाइंचं टोकियो म्हणजे तीन जिने. मीठ-तेलाचं ओझं पाठीवर घेऊन गावाकडचे गलकोटचे डोंगर दिवसभर तुडवलेला हा माणूस, पण आगगाडीचं नाव काढलं की तो विषय बदली.

"चढ नाही, उतार नाही, वाटेत एक ओढा नाही," दाइ म्हणत. "माणसाने ओळखायचं कसं, आपण कुठवर आलो ते?"

राहण्याची मुदत वाढवून घ्यायला शिनागावाच्या कचेरीत जावं लागतं. आजवर मालक त्यांना आपल्या मोटारीतून नेत असे. यंदा मालक मुलीच्या लग्नासाठी पोखऱ्याला गेलेला. दाइ आज नको, उद्या जाऊ, असं करत राहिले आणि राहण्याच्या कार्डावर छापलेला शेवटचा दिवस उजाडला. कचेरीची खिडकी चारला बंद होते. चार वाजून गेले असते तर दाइंची अकरा वर्षं, त्यांच्या आधारावर राहणारी बायको चिजमाया आणि नववीतल्या मुलीची शाळा, सगळंच एका फटक्यात गेलं असतं.

तेव्हा मेव्हणी रूपकली पुढे सरसावली. ती इथे येऊन तीन वर्षंच झाली होती, एका हॉटेलात खोल्या साफ करायची. पण गाड्यांच्या बाबतीत तिचा तोरा स्टेशनमास्तरचा. दाइंना ती 'भेना', म्हणजे भावोजी म्हणे.

"भेना, हिरव्या पट्ट्याची गाडी. मोजून नववं स्टेशन. बोटांवर मोजा, एक बोट उरेल."

"आणि डुलकी लागली तर?"

"मग काय! गाडी गोल फिरते. तासाभरात परत दारात. ताईला म्हणावं, नवरा हिंडून आला."

"तू ये ना बरोबर."

"माझी खाडे करण्यासारखी नोकरी असती तर तुम्हालाच चिकटवलं नसतं का तिथे? चला."

स्टेशनाच्या तोंडाशी तिने एक गाडीचं कार्ड त्यांच्या हातात कोंबलं. "हे असू द्या, बाहेर पडताना फाटकाच्या यंत्रावर टेकवायचं." आत शिरतानाही टेकवायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं. बाई घाईत होती, आणि असली गोष्ट सांगावी लागते असं तिच्या मनातही आलं नाही. तिने स्वतःचं कार्ड टेकवलं आणि पुढे गेली. दाइ तिच्या पाठोपाठ, टाचेला टाच लावून. गावाकडच्या बसमध्ये जो सोबत नेतो तो दोघांचं भाडं देतो. नेलेल्याने खिशात हात घातला तर तो नेणाऱ्याचा अपमान. दाइंनी मेव्हणीचा अपमान केला नाही. दोघं इतकी चिकटून गेली की फाटकालाही ती एकच वाटली.

रूपकली फलाटाच्या पलीकडच्या बाजूची गाडी पकडून उलट दिशेला गेली. दाइंनी बोटं मोजत बरोबर नववं स्टेशन गाठलं. तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. एवढं सोपं! मोठ्या रुबाबात ते फाटकाशी आले. चिजमायाने हरवू नये म्हणून राहण्याचं कार्ड एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं होतं, गाडीचं कार्डही त्यांनी त्यातच सरकवलेलं. ते पाकीट त्यांनी यंत्रावर टेकवलं.

फाटक खाडकन मिटलं. लाल दिवा लागला. यंत्र किंचाळलं. मागचे लोक बाजूच्या रांगेत सरकले.

आता बघा, दुसरा कुणी असता तर कार्ड बिघडलं म्हणाला असता. पण दाइंच्या डोक्यात सकाळपासून एकच तारीख होती. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. राहण्याच्या कार्डावर आजची तारीख. यंत्राने वाचलं! ह्या माणसाची मुदत संपली, ह्याला बाहेर सोडू नका. जपानी यंत्रं, त्यांना काय अशक्य? बाजूलाच काचेच्या खिडकीत स्टेशनचा टोपीवाला बसला होता. त्याने मान वर करायच्या आत दाइ जिना चढून फलाटावर परत.

पुढचं स्टेशन लहान दिसलं. लहान स्टेशनाच्या यंत्राला अजून कळलं नसेल, ह्या आशेने दाइ उतरले. खाडकन! त्यालाही कळलं होतं. मग उएनो, तिथे फाटकांना अंत नाही. एखादं तरी गाफील असेल. दाइंनी दोन टोकांची दोन फाटकं करून पाहिली. एकही गाफील नव्हतं. तोवर एक वाजून गेला होता.

रूपकलीला फोन लावला. तिचा फोन हॉटेलच्या कपाटात कुलपात. चिजमायाने मात्र पहिल्या घंटीला उचलला.

"पोचलात ना?"

"पोचलो की. रांग आहे."

"मोठी?"

"गोल आहे," दाइ म्हणाले आणि फोन ठेवला.

गोलच होती. खिशात चिजमायाने बांधून दिलेले चिउरा-भटमास, कोरडे पोहे आणि भाजलेलं सोयाबीन. पण गाडीत कुणी तोंड हलवत नाही, म्हणून दाइंनी खिशातल्या खिशात एकेक दाणा चाचपला आणि तसाच ठेवला. गलकोटात माणूस चालत राहिला तर वरच्या नाहीतर खालच्या गावात तरी पोचतो. ही गाडी धावत होती आणि कुठेच जात नव्हती. फलाटावर उतरता येत होतं, चहा मिळत होता, मोरी होती, बसायला बाक होता. फक्त बाहेर नव्हतं. सगळं टोकियो काचेपलीकडे वाळत घातलेल्या कपड्यांसारखं सरकत जात होतं.

अडीचला खिडकीत ओळखीचं लाल छप्पर दिसलं. शिन-ओकुबो! दाइ धडपडत उतरले. इथे फाटकं एकाच तोंडाला, आणि त्यांच्यापलीकडे आपली गल्ली, तळणाचा वास, आपल्या माणसांची भांडणं. चार पावलांवर. दाइंनी पाकीट टेकवलं. खाडकन.

नेमका तेव्हाच मसाल्याच्या दुकानाचा ओमप्रसाद पलीकडून चालला होता.

"अरे दाइ! झालं का काम?"

"झालं, झालं."

"मग बाहेर या की. तोंड का असं पांढरं?"

"येतो... एकाला आणायला जायचंय."

"कुणाला?"

"तू नाही ओळखत," दाइ म्हणाले आणि पाठ फिरवून परत फलाटाकडे. ओमप्रसादने जाताना पाहिलं, की दाइंच्या मागून एक टोपीवाला जिना चढत होता. तो बिचारा केरसुणी घेऊन फलाट झाडायला निघाला होता. पण ओमप्रसादला केरसुणी दिसली नाही, बेड्या दिसल्या.

फलाटावरच्या घड्याळात दोन चाळीस. दाइ बाकावर बसले. असंच फिरत राहिलं तर चार वाजतील आणि मग यंत्राचं म्हणणं खरंच होईल. धरलं तर जाऊ, पण कचेरीच्या दारात तरी धरू दे, असं म्हणून ते गाडीत चढले. ह्या खेपेला बोटं मोजली नाहीत. वाटेत निरोपाची वाक्यं तयार केली. त्यांचं जपानी सगळं खानावळीचं: या, बसा, तिखट चालेल का, आणखी नान हवा का. त्यातून "माझ्या बायकोचा काही दोष नाही" असं वाक्य काही केल्या बनेना.

तीन वाजून पाच मिनिटांनी शिनागावाला हुम दाइ आपल्या पायांनी टोपीवाल्याच्या खिडकीशी गेले. पाकीट काचेखालून सरकवलं, मान खाली घातली आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

टोपीवाल्याने पाकीट उघडलं. राहण्याचं कार्ड न बघताच बाजूला ठेवलं. गाडीचं कार्ड उचलून यंत्रावर धरलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बोट करून विचारलं, "कुठून?"

"शिन-ओकुबो."

टोपीवाल्याने दोन बटणं दाबली, दोन्ही कार्डं दोन्ही हातांनी परत दिली आणि, तसदीबद्दल माफ करा, म्हणून वर स्वतःच वाकला. शेजारचं रुंद फाटक उघडलं. दाइ तिथेच उभे. हात अजून पुढेच. टोपीवाल्याला वाटलं, आणखी काही हवंय, म्हणून त्याने गावाचा नकाशाही दिला.

मग मात्र दाइ पळाले. कचेरीची बस दिसली, पण आज पुन्हा कशाच्या पोटात शिरायचं नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी, दोन पूल ओलांडून, गलकोटचा माणूस पळाला. वर जाऊन नंबराचा कागद घेतला तेव्हा चार वाजायला अकरा मिनिटं होती. खिडकीतल्या बाईने कागद ठेवून घेतले आणि कार्डाच्या मागे शिक्का मारला. निकाल लागेपर्यंत राहायला मोकळे.

संध्याकाळी ते चालत परतले, तब्बल अडीच तास. रूपकलीने ऐकलं आणि जिन्यातच खाली बसून हसली. गल्लीने तर जेवणं सोडून खानावळीत गर्दी केली. जो तो विचारत होता, ते सुटले कसे. खरं कळल्यावर सगळ्यांचे चेहरे थोडे उतरले.

"म्हणजे धरलं नव्हतंच?" ओमप्रसाद म्हणाला. "मी बातमी बागलुङपर्यंत पोचवून बसलो ना, दाइ!"

हुम दाइंनी तंदूरमधून नान काढला, त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "धरलं असतं तर बाराला सुटलो असतो."