बाळाची सीट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि हातातला चहा आधी खाली ठेवा. कारण मी एका फोनवर स्वतःच्या बायकोला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं केलं होतं. आणि मला वाटत होतं, मी पोरीसाठी गाडीतली खुर्ची बघतोय!

सगळं सुरू झालं मेंढरांपासून.

आम्ही पुण्याजवळ मुळशीत राहतो, पौड रोडला, एका गावाच्या कडेला झालेल्या नव्या सोसायटीत. खिडकीतून डोंगर दिसतो, नळातून पाणी दिसत नाही, अशी आमची सोसायटी. माझी मुलगी चिऊ तेव्हा आठ-नऊ महिन्यांची होती. गाडीत ती माझ्या बायकोच्या, केतकीच्या, मांडीवर बसायची. एका संध्याकाळी धरणाकडून परत येत होतो. शाळेजवळच्या वळणावर अचानक मेंढरांचा कळप! मी करकचून ब्रेक मारला. चिऊ मांडीवरून घसरली ती थेट पुढे. केतकीनं तिला झबल्याला धरून वर ओढलं म्हणून वाचली.

काही लागलं नाही. चिऊ तर चक्क हसली! मेंढक्यानं काच ठोठावून विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?" मी मान हलवली. पण घरापर्यंतची वाट मी पहिल्या गिअरमध्येच काढली.

घरी आल्यावर केतकी एवढंच म्हणाली, "सीट आल्याशिवाय चिऊ या गाडीत बसणार नाही. मीही नाही."

झालं! माझी झोप उडाली. तुम्हाला माझा स्वभाव माहीतच आहे. साधा मिक्सर घ्यायचा तर मी जेवण सोडतो, इथे तर पोरीचा जीव! दिवसरात्र मोबाईलवर व्हिडिओ. बाळाचं तोंड मागे हवं की पुढे, पट्टा कुठून यावा, मानेला आधार किती, वजन वाढलं की पुढे काय. बावधनची दुकानं पालथी घातली. एका सीटला मी इतकं हलवलं, दाबलं, उलटं केलं, की सेल्समन म्हणाला, "सर, घ्यायला आलात की तपासणीला?"

महाग सीट पाहिली की पाकीट चाचपायचो, स्वस्त पाहिली की तिचे पट्टे ओढून बघायचो. सुरक्षित पण हवी आणि परवडायला पण हवी! केतकी म्हणाली, "तू सीट बघतोयस की चिऊसाठी स्थळ?"

शेवटी ऑफिसातला निलेश म्हणाला, "अरे, तुमच्याच गावात माझा मेहुणा आहे, दत्ता. त्याच्या पोराची सीट पडून आहे. फारशी वापरलेली पण नाही. फोन कर." त्यानं नंबर पाठवला, मी 'दत्ताभाऊ' नावानं सेव्ह केला.

आता माझी हुशारी बघा. माझ्या फोनमध्ये आधीच एक दत्ताभाऊ होते. आमच्या सोसायटीला पाण्याचे टँकर पाठवणारे, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी घाईघाईत नाव शोधलं आणि वरचं दाबलं.

आमच्या बाल्कनीत रेंज येते-जाते. एका हातात फोन, एक पाय कठड्यावर, अशा अवस्थेत मी सुरू झालो.

"दत्ताभाऊ? मी सोसायटीतून विनय बोलतोय. बाळाची सीट तुमच्याकडे आहे म्हणे?"

पलीकडून एकदम दबक्या आवाजात, "कुनी सांगितलं?"

"निलेशनं."

"त्याला कसं कळलं? आजून भाईर काढलं न्हाई आमी."

"म्हणजे पॅक आहे?"

"एकदम पॅक! लेडीज हाय बरं का पर."

मी म्हटलं, गुलाबी असेल. "चालेल की! आम्हाला लेडीजच पाहिजे. सेफ आहे ना पण?"

"साहेब, आख्ख्या तालुक्यात एवढी सेफ सीट न्हाई."

"कधी पडली वगैरे नाही ना?" पडलेली, आपटलेली सीट घेऊ नये, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं.

"मागं एकदा पडली व्हती. पर थोडक्यात. आपल्याच मानसांनी पाडली."

कसली माणसं आहेत ही? "मग तडा गेलाय का?"

"गेलता. पर मी सोता बसून समदा मिटवला. आता काळजी न्हाई. पाच वर्षं कुनाचा बाप हलवू शकत न्हाई!"

बघा! एवढ्या दुकानांत फिरलो, एकानं तरी अशी खात्री दिली होती का?

"तुमचं वजन किती हाय पर?" त्यांनी विचारलं. मध्येच खरखर झाली. मला वाटलं, चिऊचं विचारतायत.

"साडेआठ. पण दर महिन्याला वाढतंय!"

"साडेआठ... शे?"

रेंज पुन्हा जात होती, मला काही नीट ऐकू आलं नाही. मी आपलं ओरडलो, "हो हो!"

"बाबो! लई झालं की! आनि वैनींची तयारी हाय न्हवं?"

"तिचीच तर घाई आहे! सीट मिळाल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही म्हणते."

"आसं पायजे! रविवारी सकाळी वैनींना घेऊन घरी या. शाळेमागं, कुनालाबी इचारा."

"आणि पैशांचं?"

"नाव काढू नका. त्ये माझं मी बघतो."

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो. गावात पंचायतीची निवडणूक लागली होती. हे दत्ताभाऊ टँकरही चालवायचे आणि गावातलं एक पॅनलही. त्यांच्या पॅनलचा एक जुना सदस्य होता, त्याला सगळं गाव 'बाळा' म्हणायचं. चांगला मिशीवाला, पन्नाशीचा बाळा! त्याची सीट या वेळी बायकांसाठी राखीव झाली होती. बाळाला तिथे आपली बायको उभी करायची होती. दत्ताभाऊंना मात्र हवी होती सोसायटीतली बाई, म्हणजे सोसायटीची मतं आपसूक आली. हे त्यांनी अजून बाळालाही सांगितलं नव्हतं. आणि तेवढ्यात साडेआठशे मतं घेऊन माझा फोन!

गावभर फलक लागले होते हो. पण मी गाडी चालवताना मेंढरं बघत होतो ना!

केतकीला सांगितलं तर ती म्हणाली, "फुकट? आणि वर माणसांनी पाडलेली?"

"बघून तर येऊ."

रविवारी आम्ही चालतच निघालो. चिऊ केतकीच्या कडेवर. माझ्या खिशात मोजायची टेप आणि तडे बघायला टॉर्च. दत्ताभाऊंच्या अंगणात पोचलो तर मांडव! खुर्च्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे सतरंजीवर बायका. आम्हाला पाहताच दत्ताभाऊ धावत आले. एका बाईनं केतकीला ओवाळलं, दुसरीनं तिच्या गळ्यात हार घातला. चिऊनं हारातलं झेंडूचं फूल तोंडात घातलं.

"विनय, जुनी सीट न्यायला आलेल्यांना इथे हार घालतात?" केतकी कुजबुजली.

"गावाकडची माणसं प्रेमळ असतात," मी म्हणालो.

मी मांडवभर नजर फिरवत होतो. कुठेच काही दिसेना. खुर्च्यांच्या मागे वाकून पाहिलं. शेवटी विचारलं, "दत्ताभाऊ, सीट कुठाय?"

"सीट आता तुमचीच की! आधी दोन शब्द बोला."

हातात माईक दिला. आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या डोक्यात कित्येक दिवस सीटशिवाय दुसरं काही नव्हतं, त्याला माईक द्यावा का?

"मंडळी," मी सुरुवात केली, "बाळाची सीट ही चैन नाही, गरज आहे!"

टाळ्या! मागच्या रांगेत मिशीवाले एक गृहस्थ गाल फुगवून बसले होते, ते एकदम ताठ झाले.

"सुरुवातीची वर्षं बाळाचं तोंड मागेच पाहिजे. पुढे काय चाललंय ते त्याला दिसता कामा नये."

"आता पन तसंच चाललंय की!" सतरंजीवरची एक म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. दत्ताभाऊंच्या टाळ्या जरा मंदावल्या.

"पट्टा असा आवळायचा, की जागचं हलता येऊ नये!"

मिशीवाल्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं.

"आणि शेवटचं," मी रंगातच आलो होतो, "बाळाची सीट ती बाळाचीच! दुसऱ्या कुणी, कितीही मोठा माणूस असू दे, तिच्यात घुसायचं नाही!"

मिशीवाले उभेच राहिले. "ऐका! शिकल्याला मानूस काय म्हंतोय ऐका! माजी सीट ती माजीच!"

"ए बाळा, खाली बस!" दत्ताभाऊ गरजले.

"का बसू? माज्या पाठीमागं सीट वाटतुया व्हय?"

बघता बघता अर्धा मांडव उभा. कुणी कुणाचा हात धरतंय, कुणी कुणाची खुर्ची ओढतंय. मला एवढंच कळलं, की एका सीटवरून ही माणसं भांडतायत. मी माईकमध्ये ओरडलो, "भांडू नका! ही सीट यांनाच देऊन टाका, मी बावधनला दुसरी घेतो!"

"बावधनला?" बाळा डोळे फाडून म्हणाला. "त्ये तर पुन्याच्या कार्पोरेशनात गेलं! आधी पंचायत, आता कार्पोरेशन? केवढी हाव म्हनायची मानसाला!"

तेव्हा केतकीनं माझ्या हातातून माईक काढून घेतला. "दत्ताभाऊ, ही सीट नक्की कसली आहे?"

"पंचायतीची की, वैनी."

"आणि विनय, तू कसली म्हणतोयस?"

"गाडीतली," मी म्हणालो. "चिऊसाठी." आणि पुरावा म्हणून खिशातली टेप दाखवली.

बाळानं ती टेप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग ती म्हातारी खो खो हसत सुटली. तिच्यामागे सगळ्या बायका. खुर्च्यांवरचे पुरुष, बाळा, सगळे पोट धरून हसायला लागले. एकटे दत्ताभाऊ हसत नव्हते.

"मंग साडेआठशे?" त्यांनी विचारलं.

"साडेआठ किलो," मी म्हणालो.

आणि तेव्हा कुठे मला त्यांच्या मागे उभा असलेला टँकर दिसला. म्हणजे हे ते दत्ताभाऊ! उद्यापासून टँकर आला नाही तर? सोसायटीवाले मला बादलीत बुडवतील. म्हणजे बुडवलंच असतं, पण बादलीत पाणी तर पाहिजे ना!

बाळा मिशा कुरवाळत म्हणाला, "झालं तर मग. आता आमचीच मंडळी उभी राहनार."

"म्या न्हाई!" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. सुरेखावहिनी कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. "कवाधरनं सांगतीया, मला न्हाई उभं राहायचं. घरात तुमी, गोठ्यात म्हशी, आता पंचायत कुटं घेऊ? ह्या वैनींनाच उभं करा."

केतकी म्हणाली, "अहो, मी सीट बघायलाच आले होते." आणि मग तिनं सगळं सांगितलं. मेंढरं, ब्रेक, चिऊ कशी घसरली. "सीट तर आम्ही घेऊच. पण त्या वळणावर ना पाटी, ना गतिरोधक. तुमची पोरं रोज तिथूनच शाळेत जातात ना?"

बायकांचं हसणं थांबलं. सुरेखावहिनी म्हणाल्या, "माजा पुतन्या तितंच पडलाय गाडीवरनं. धा येळा सांगितलं ह्यास्नी." बाळानं मिशांवरचा हात खाली घेतला.

दत्ताभाऊ खुर्ची ओढून केतकीसमोर बसले. "वैनी, चुकून का हुईना, आलायसा. उभ्या राहता का?"

"विचार करून सांगते," केतकी म्हणाली. आणि हार गळ्यात तसाच ठेवून चालायला लागली.

परतीच्या वाटेवर ती झपझप चालत होती. मी सारखा मागे-पुढे. "चिडलीस का? मी उद्या दत्ताभाऊंना भेटून माफी मागतो. सोसायटी बदलू या का?" गेटपाशी थांबून तिनं एवढंच विचारलं, "प्रचाराला गेले तर संध्याकाळी चिऊला तू बघशील?"

दुसऱ्या दिवशी ती मला बावधनला घेऊन गेली. रिक्षानं. दुकानदाराला तिनं तीनच गोष्टी विचारल्या: मानक तपासणीचा शिक्का आहे का, चिऊ मोठी झाली तरी पुरेल का, आणि आमच्या गाडीत बसवून दाखवाल का. घरी येऊन बसवून देतो म्हणाला. ना गुलाबी, ना भारीतली. साधी करडी सीट. आम्हाला परवडेल अशी. मला कित्येक दिवस जमलं नव्हतं ते हिनं चहा गार व्हायच्या आत उरकलं! चिऊ त्या सीटवर बसली, पट्टा लावला, आणि गेटपर्यंत जायच्या आत झोपली. मी मात्र आरशात दर मिनिटाला तिचा श्वास बघत होतो.

केतकी उभी राहिली. बाळानं आठवडाभर रुसून घेतलं आणि मग तिच्याच प्रचाराला गाडी दिली. ती निवडून आली. वळणावर पाटी लागली, गतिरोधकही झाला. टँकर येतात, दत्ताभाऊ मला फोनवर अजून "किती किलो पायजे?" विचारतात, पण येतात.

परवा घरी एक म्हातारे आजोबा आले. रस्त्याचं काहीतरी काम होतं. दार मी उघडलं, कडेवर चिऊ.

"म्याडम हायेत का?"

"बसा, बोलावतो."

त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "मांडवात भाषन केल्यालं त्ये तुमीच न्हवं?"

मला बरं वाटलं. कुणीतरी लक्षात ठेवलं होतं! जरा लाजत म्हणालो, "हो, मीच तो."

तेवढ्यात केतकी बाहेर आली. आजोबा तिला हात जोडून म्हणाले, "म्याडम, तुमचं बोलनं चांगलंच व्हतं. पर आमच्या समद्या आळीनं मत दिलं त्ये ह्यांचं भाषन ऐकून. आमी म्हटलं, जी बाई ह्या मानसासंगं संसार करती, तिला पंचायत म्हंजे काय लई अवघड न्हाई!"