ताराक्कांचा हात

ताराक्का चित्र काढताना भिंतीकडे कमी आणि बघणाऱ्यांच्या तोंडाकडे जास्त बघायच्या. मी चिडलो की म्हणायच्या, "भित कुटं पळतीया मास्तर? आदी मानूस हसतंय का बगायचं. हसलं, की चित्र झालं."

भोरमध्ये मी बावीस वर्षं बोर्ड रंगवतोय. चित्रकलेची पदविका आहे माझ्याकडे. ताराक्का वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यातल्या. त्यांनी आयुष्यभर मेंढरांच्या पाठीवर ओळखीच्या खुणा रंगवलेल्या. गुडघे दुखायला लागले, मेंढरं विकली, आणि त्या माझ्याकडे भिंतींना पहिला हात मारायला आल्या. वयानं मोठ्या, म्हणून मी आक्का म्हणायचो.

उत्रोलीच्या पलीकडच्या एका गावात पंचायतीच्या भिंतीवर 'आदर्श गाव' काढायचं काम मिळालं. तिथं सरपंच सुनंदाबाई होत्या, पण खुर्चीत बसायचे त्यांचे यजमान. सह्यांपुरती बाईंना हाक. मी नेहमीसारखं रेखाटन केलं: नांगर धरलेला बाप्या, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. रंग भरायला आक्कांना ठेवून मी दोन दिवस शिवऱ्याला एका हॉटेलच्या बोर्डासाठी गेलो.

परत आलो तर भिंतीपुढे हीऽ गर्दी. आक्कांनी हंडा बाप्याच्या डोक्यावर दिला होता. पाणी मिशांवरून ओघळत होतं. मागे कडक खादीतले चार पुढारी, प्रत्येकाच्या डोक्यावर कळशी. पुढं खुर्चीत एक बाई चष्मा लावून कागद वाचत होती आणि खुर्चीमागून एक छोटा माणूस टाचा उंचावून डोकावत होता. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारबाबा ओरडले, "आरं, त्यो हंडेवाला मीच की!"

बावीस वर्षांत माझ्या भिंतीपुढे कुणी थांबलंसुद्धा नव्हतं. 

तेवढ्यात सरपंचांचे यजमान आले. "मास्तर, आत्ताच्या आत्ता पुसा हे."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान घुटमळायला तरी. पण मी चुन्याची बादली आधीच उचलली होती. दोन हात मारले, खुर्चीतली बाई दिसेनाशी झाली. आक्का शांतपणे म्हणाल्या, "चुना त्यांच्यासाटी लावताय मास्तर, का सोतासाटी?"

 मी तिसरा हात मारणार, तोच सुनंदाबाई आतून बाहेर आल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "भित पंचायतीची हाय. सरपंच म्या हाय. मला इचारलं का कुणी?"

यजमान काहीतरी बोलायला गेले, पण बायका हसायला लागल्या, तसे ते मोटारसायकल काढून निघून गेले. आक्कांनी ओल्या फडक्यानं चुना पुसला. खालचा ऑइलपेंट शाबूत होता.

त्यानंतर लोक "त्या बाईंनाच पाठवा" म्हणून फोन करायला लागले. मी सांगायचो, त्या गावी गेल्यात. आक्कांना सांगायचो, काम नाही. असं वर्षभर चाललं. त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही. मग त्यांचं येणंच थांबलं.

मागच्या थंडीत त्या गेल्याचं कळलं, तेव्हा धनगरवाड्यावर गेलो. त्यांच्या लेकीनं चहा ठेवला. मी केलेलं सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, पण तीच आधी बोलली.

"आई तुमचं लई सांगायची. म्हनायची, मास्तर दोरी न लावता सरळ रेघ मारत्यात. मला जल्मात जमायची न्हाई. त्यांचा हात बगितला का लई जळतं बग माजं. आन् हसायची."

चहा निवून गेला. तिनं दुसरा करू का विचारलं. मी नको म्हणून मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो.