साधी गाठ

माझी धाकटी बहीण अर्धापूरजवळच्या एका गावात दिली. केळीच्या बागा असलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. तिची सासू येईल त्या पाहुण्याला सांगायची, "सून लई गुणाची हाय. लग्न होऊन आली तशी माणसाकडं नजर वर करून बघितलं न्हाई." आमच्या आईचा ऊर भरून यायचा. माझं डोकं फिरायचं, कारण माहेरी हीच पोरगी डोळ्याला डोळा भिडवून भांडायची.

मी लातूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. संक्रांतीला तिच्याकडे गेले, तेव्हा ती फळीवरचा डबा काढत होती. फळी बघायला तिनं डोळे उचलले नाहीत, अख्खी मान मागं टाकली. सासू बसल्या जागेवरून म्हणाली, "मान किती ताठ करायलीस गं?" तिनं लगेच मान खाली घातली.

मी तिला परसात नेलं, तिच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि हळूहळू वर नेलं. बुबुळं मधेच अडली. खाली आणलं तर बोटाबरोबर खाली आली.

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. मान उचलली की आत्याबाई बोलतात, म्हणून खालीच बघते. आता चपलांवरून माणूस ओळखते मी," ती हसून म्हणाली.

सकाळी तिचं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. घरातले त्यावरून गोड बातमीची वाट बघत होते. मला रडू नाही आलं, संताप आला.

एमआरआयमध्ये गाठ दिसली. मेंदूच्या मधोमध पिनियल नावाची तुरीच्या दाण्याएवढी ग्रंथी असते, तिथं. तिला खेटूनच नजर वर नेणाऱ्या नसांची जागा असते आणि मेंदूतल्या पाण्याची वाटही. गाठीनं दोन्ही दाबून धरलं होतं. हैदराबादला ऑपरेशन झालं. डोकेदुखी गेली. मी भेटायला गेले तर तिनं एकच विचारलं, "ताई, वर बघायला येईल का गं मला?"

सर्जन म्हणाले होते, नसा किती काळ दाबल्या गेल्या त्यावर आहे. मी तिला म्हटलं, "येईल हळूहळू." माझाच त्यावर विश्वास नव्हता.

मग तिचा नवरा तिथल्या स्लाइड, म्हणजे गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा, घेऊन माझ्याकडे लातूरला आला. "पुन्हा एकदा बघा ताई, जिवाला चैन न्हाई." मी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. सगळ्या पेशी एकसारख्या, मधे गुलाबी धाग्यांचा पुंजका ठेवून भोवती गोल बसलेल्या, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसारख्या. विभागणी चाललेली एकही पेशी सापडली नाही. बहिणीच्या डोक्यातली म्हणून खोट काढायची होती मला, पण काढायला जागाच नव्हती.

"साधी आहे," मी म्हटलं. "कॅन्सर नाही."

त्यानं तिथूनच फोन लावला आणि गावात पेढे वाटले गेले. आमच्या धंद्यात गाठ साधी की वाईट, हे पेशींवरून ठरतं. ती कुठं बसली आणि तिला किती वर्षं बसू दिलं, हे काचेवर दिसत नाही.

ती घरी आली त्या दिवशी मीही गेले. सासूनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. बाई रडत होती आणि ते रडणं खोटं नव्हतं. जमलेल्या बायकांना म्हणाली, "डॉक्टरनं एवढं डोकं उघडलं, पण पोरीचं वळण न्हाई बदललं. बघा, अजून नजर वर करत न्हाई."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तो आजार आहे. तिला वर बघता येत नाही."

"आसू द्या," सासू डोळे पुसत म्हणाली. "बाईमाणसाचं काय अडतंय त्यानं."

बहीण उंबऱ्यात माझ्यासमोर उभी होती, मी अजून बाहेरच होते. तिनं खाली बघत विचारलं, "ताई, नवी चप्पल घेतलीस व्हय?"