धुतलेली उजवी बाजू

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी घरफोड्या पाहिल्या, हाणामाऱ्या पाहिल्या आणि सायकलचोऱ्या तर मोजण्यापलीकडे. त्यातलं बहुतेक विसरलो. एक गाडी मात्र विसरता येत नाही. तिच्या डाव्या अंगावर बोटाच्या पेराइतकी धूळ होती आणि उजवं अंग धुतलेलं, लख्ख हिरवं होतं. मधली रेघ छतावरून वाकडीतिकडी गेली होती.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो. वडील जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यात केमिस्ट होते. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही इचलकरंजीहून इथे आलो. पुढे मी इथल्याच पोलीस दलात भरती झालो आणि आपल्याकडच्या निरीक्षकाच्या जवळपास जाणाऱ्या पदावरून, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे, मुदतीआधी निवृत्त झालो. घरात आईने मराठी सोडू दिली नाही. या प्रकरणात ती मराठी सरकारी कामाला आली, एकदाच.

ऑक्टोबरमधला गुरुवार होता. आमच्या हद्दीतल्या, द्राक्षमळ्यांमधल्या एका गावातून पन्नाशीचा एक गृहस्थ ठाण्यात आला. त्याची काकू ब्याऐंशी वर्षांची, विधवा, मूल नाही. तिच्या घरामागे मोठी शॉयने, म्हणजे विटा-लाकडाचं कोठार. त्यात काकूच्या नवऱ्याने एका अमेरिकन सैनिकाकडून घेतलेली दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी सदतीस वर्षं उभी होती. आमच्या भागात अमेरिकन छावण्या आहेत. मायदेशी परतताना सैनिक अशा गाड्या इथेच विकून जात.

"परवा शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे," तो म्हणाला, "आणि आज सकाळी पाहतो तर कोणीतरी गाडी धुतली."

"धुतली?" माझ्या सहकाऱ्याने टंकलेखन थांबवलं. "फोडली नाही?"

"फोडली असती तर दुरुस्त करता आली असती."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. तेव्हा त्याने शांतपणे समजावून सांगितलं. माणूस भला होता, आवाज चढवत नव्हता. अशी गाडी रंगवून, नवी गादी बसवून चकाचक करणारे पुष्कळ असतात. पण कारखान्यातून आलेला रंग, त्या वेळच्या काचा, त्या वेळची शिवण आणि कोणाचाही हात न लागल्याची खूण, हे सगळं एकत्र क्वचित सापडतं. त्यासाठी लोक दूरवरून येतात आणि पंचनाम्याला लाजवील अशा बारकाईने गाडी पाहतात. धूळ हा त्यांच्या दृष्टीने साक्षीदार असतो. दलालाने धुळीसकट फोटो काढले होते आणि सेहेचाळीस हजार युरो ठरवले होते.

"आता तो म्हणतो, अर्धी धुतलेली गाडी म्हणजे ना इकडची ना तिकडची. काकूला त्या पैशांत घराचं छप्पर करायचं आहे." त्याच्याकडे काकूचं मुखत्यारपत्र होतं. तिच्या वतीने त्याने मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार लिहून दिली.

घटनास्थळी गेलो. कुलूप शाबूत, किल्ली नेहमीप्रमाणे काकूच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. काकू खुर्चीवर बसून होत्या. काही ऐकलं का, पाहिलं का, या प्रश्नांना त्या "नाही" एवढंच म्हणाल्या. गाडीच्या बॉनेटच्या उजव्या कडेला एक पिवळा आणि त्यावर एक लाल ठिपका होता, बाजूला एक फूल. सहकाऱ्याने लाल रंगाचा नमुना पुडीत घातला आणि वर "रक्त?" असं लिहिलं.

"ते रक्त नाही," मी म्हणालो. "कुंकू आहे. आणि आज दसरा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आज आमच्याकडे वाहनांची पूजा करतात. आधी धुतात, मग करतात."

त्याने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळेच?"

"ज्यांच्याकडे वाहन आहे ते सगळे."

अंगणापलीकडे राहणाऱ्या द्राक्षमळेवाल्याने आपण होऊन खबर दिली. त्याची तक्रार खरं तर निराळी होती. इथे अंगणात गाडी धुवायला ग्रामपालिकेची बंदी आहे, साबणाचं पाणी जमिनीत जातं म्हणून. "मागच्या घरातले ते परदेशी आजोबा सकाळी सव्वासातला अंगणात मुलाची गाडी धूत होते. पाणी गटारात गेलं. मी खिडकीतून पाहिलं. नंतर बादली घेऊन शॉयनेकडे गेले."

"नक्की शॉयनेकडे?"

"गेनाऊ, अगदी नक्की. पाण्याची दुसरी बादली. मी मोजतो."

मागचं घर काकूने भाड्याने दिलं होतं. तिथे कारखान्यात काम करणारा एक मराठी इंजिनिअर, त्याची बायको आणि मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील राहत. मी तिथूनच वरिष्ठांना फोन करून सांगितलं की संशयित माझ्या भाषेचा आहे, दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर द्या. ते म्हणाले, चौकशी तूच कर, सही घेताना शपथबद्ध दुभाष्या ठेवू. तसंच केलं.

संध्याकाळी इंजिनिअर आपण होऊन ठाण्यात आला. "सर, मी धुतली. सवयीने. मला माहीत नव्हतं."

"किती वाजता?"

"सात... सव्वासात."

तो कामाला आगगाडीने जायचा आणि कारखान्याच्या गेटवर त्याच्या कार्डाची नोंद सहा बावन्नची होती. मी कागद त्याच्यासमोर सरकवला. त्याने तो वाचला आणि परत सरकवला.

"सर, फेब्रुवारीत आमच्याकडे बाळ येणार आहे," तो म्हणाला. "बाबांना तेव्हा परत यायचंय. आई नाही. त्यांच्या नावावर इथे गुन्हा चढला तर व्हिसा कोण देणार? माझं नाव घाला ना. मला काय, एखादा दंड होईल."

"नाव घालायला ही लग्नपत्रिका आहे का?" मी म्हणालो. नको होतं बोलायला. पण बोललो.

दुसऱ्या दिवशी वडील आले. पाच फुटांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर मुलाचं जाड जॅकेट. बस आगारात पस्तीस वर्षं मेकॅनिक होते. नियमाप्रमाणे मी त्यांना सांगितलं की तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे.

"गाडी मीच धुतली, साहेब," ते लगेच म्हणाले. "पोरगं उगाच मधे पडलं."

"का धुतलीत?"

"दसऱ्याला गाडी अशी उभी? आमच्या आगारात एकशेबारा बस होत्या. मोडकीसुद्धा आम्ही धुवायचो. आधी नुसतं पाणी सोडायचं, फडकं लावायचं नाही. धूळ वाहून गेली की मग हलक्या हाताने. नाहीतर रंगावर ओरखडे. एक ओरखडा दाखवा मला त्या गाडीवर."

"काका, किल्ली कुठून आणलीत?"

त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली.

"किल्ली बाईंच्या स्वयंपाकघरात असते. तुम्ही उचललीत का? तसं असेल तर गाडी धुण्यापेक्षा ते जास्त गंभीर आहे. दोन गुन्हे होतील."

"गप्प राहायचा हक्क आहे म्हणालात ना मघाशी?"

"आहे."

"मग राहतो."

चाळीस मिनिटं मी निरनिराळ्या वाटांनी तोच प्रश्न विचारला. ते पाणी प्यायले, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, मला मूळ गाव विचारलं. किल्लीबद्दल अक्षर नाही. तोपर्यंतचा माझा अनुभव असा की प्रामाणिक माणूस तपशील देतो आणि लपवणारा अडतो. मी वहीत लिहिलं: किल्ली चोरल्याची शक्यता दाट. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. दार उघडताना मी पाहिलं, तो मोबाईलवर व्हिसाचे नियम वाचत होता.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती, म्हणून मोजायची फीत घेऊन मी पुन्हा शॉयनेत गेलो. गाडीची डावी बाजू दाराकडे होती आणि तिथे साडेतीन मीटर मोकळी जागा. उजवी बाजू भिंतीला. भिंत आणि गाडी यांत बासष्ट सेंटिमीटर. मी स्वतः अंग चोरून शिरलो तेव्हा पाठ विटांना घासली. ज्याने पस्तीस वर्षं गाड्या धुतल्या, तो मोकळी बाजू सोडून बादली घेऊन या फटीत का शिरेल? आम्ही सगळे दोन दिवस कोणी धुतली हे विचारत होतो. ही बाजू का, हे कोणी विचारलं नव्हतं.

मग जमिनीवर उजेड पाडला. गाडीच्या नाकासमोर उजवीकडे, जमिनीवरच्या धुळीत चार गोल खुणा होत्या. खुर्चीच्या पायांच्या. एका बाजूने अडतीस, दुसऱ्या बाजूने एकेचाळीस सेंटिमीटर. कोणीतरी तिथे बसून पाहत होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. काकू होत्या, पुतण्याही होता, दलालाने पाठवलेल्या तज्ज्ञाचा अहवाल वाचत. तज्ज्ञाने उपकरणाने रंगाची जाडी मोजली होती. रंग कारखान्याचाच, ओरखडे नगण्य, किंमत चार हजारांनी कमी. मी काकूंच्या परवानगीने खुर्चीच्या पायांना फीत लावली. अडतीस, एकेचाळीस.

"बाई, तुमचे यजमान गाडी चालवायचे तेव्हा तुम्ही कुठे बसायचात?"

पुतण्या काकूला टांटे म्हणायचा. तो मधेच म्हणाला, "टांटेला हल्ली विसरायला होतं. दमवू नका तिला."

"उजवीकडे," काकू म्हणाल्या. "चालवायला त्याने मला कधी दिली नाही."

मग त्याच सांगू लागल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. गाडी हिरवी होती की निळी, हे त्यांना आठवेनासं झालं होतं. शनिवारी ती जाणार. पुतण्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काकू, धुळीला हात लावू नकोस, आणि मग म्हणाला असता, काकूचं डोकं आता चालत नाही. सकाळी खिडकीतून त्यांनी आजोबांना मुलाची गाडी धुताना पाहिलं. इतक्या प्रेमाने गाडी धुणारा माणूस त्यांनी नवऱ्यानंतर पाहिला नव्हता. त्या किल्ली घेऊन खाली गेल्या, आजोबांना बाहीला धरून शॉयनेत नेलं, आपली बाजू दाखवली, आणि खुर्ची मांडून बसल्या.

"आणि नंतर त्यांना गप्प राहायला सांगितलंत."

"बोट असं ओठावर ठेवलं. त्यांनी मान हलवली."

"टांटे," पुतण्या म्हणाला, "चार हजार युरो गेले. तुला कळतंय का?"

"कळतंय. सेहेचाळीसातून चार. छपराला एकेचाळीस लागणार आहेत, तू सांगितलंस. एक उरतो." त्यांनी अहवाल त्याच्या हातातून घेतला आणि घडी घातली. "ते चार हजार माझे होते. मी खर्च केले. ती हिरवी होती."

पुतण्याने माझ्याकडे पेन मागितलं आणि तक्रार मागे घेतली. जाताना तो मागच्या घरी गेला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा हातात लाडवांचा डबा होता.

मालकिणीची संमती असल्याने गुन्हा घडलाच नव्हता. कागद बंद झाले. आजोबांना निरोप द्यायला मी ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलो.

"काका, एवढं साधं होतं तर मला का नाही सांगितलंत? फेब्रुवारी हुकला असता."

"हुकला असता," ते म्हणाले. "पण बाईंपुढे मान हलवली होती ना."

"तुम्हाला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही. खुणेतून घोटाळाही झाला असेल, असं नाही वाटलं?"

"साहेब, धुऊन झाल्यावर त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत बसल्या आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. असलं कोणाला सांगायचं असतं का?"

मी त्यांना चुकीची माहिती देऊन घाबरवलं नव्हतं, नियमाबाहेर काही केलं नव्हतं. तरीही त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. माफी नोंदवहीत लिहायची सोय नसते, म्हणून इथे लिहितो. जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि ते खरंही आहे. पण ते कोणाचं लपवतो, हे विचारायला मला बावीस वर्षं लागली. त्यानंतरच्या प्रत्येक चौकशीत मी तो प्रश्न आधी विचारला. दोनदा त्याचा उपयोग झाला. दोनदा म्हणजे दोन माणसं.

अंतिम अहवालात नुकसानीच्या रकमेसाठी एक रकाना असतो आणि तो रिकामा सोडता येत नाही. सहकारी म्हणाला, तज्ज्ञाचा आकडा समोर आहे, चार हजार टाक. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर माणूस आहे, म्हणून थोडा वेळ घेतला. मग शून्य लिहिलं आणि सही केली.