रगात घे, सही मागू नगं

"तुमच्या मुलीला डायबेटिस आहे, टाईप वन. आजपासूनच इन्सुलिन सुरू करावं लागेल," भोरचे डॉक्टर म्हणाले. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "रिपोर्टवरचं नाव नीट बघितलंत का?"

माझ्या तोंडून दुसरं काही निघणारच नव्हतं. वेल्ह्याला तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून मी वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. एका नावाची चार माणसं, चुकलेले गट नंबर, मेलेल्या माणसाचा अंगठा, सगळं बघून झालंय. कागद पुढे आला की मी आधी तारीख बघतो, मग सही, मग खाडाखोड. मजकूर शेवटी.

सायली तेव्हा सोळा वर्षांची होती. दोन महिने तिला सारखी तहान लागायची, सारखी लघवीला जायची, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. तिची आई सुमन म्हणायची, अभ्यासाचं टेन्शन आहे. मला वाटलं, पोरगी लपूनछपून कोल्ड्रिंक पिते. मी तिच्या दप्तराची झडती घेतली. अर्धी चिक्की सापडली, तेवढ्यावरून तिला चार दिवस घालून पाडून बोललो. आज त्याची लाज वाटते.

भोरच्या रिपोर्टवर विश्वास नव्हता म्हणून नसरापूरला रक्त दिलं. तिथंही तेच आलं. मग पुण्याला गेलो आणि मुद्दाम दुसऱ्याच नावानं दिलं. आकडा जवळपास तोच. तिन्ही लॅब आपसात मिळालेल्या असतील असाही विचार मनात आला, खोटं कशाला सांगू.

टाईप वन म्हणजे शरीरच आपल्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं. मग इन्सुलिन बाहेरून टोचायचं, दिवसातून चार वेळा, जन्मभर. सायली टोचून घ्यायला दोन दिवसांत शिकली. मी अजून तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

वर्षभरानं एक दिवस ती नसरापूरच्या कॉलेजला निघाली. घरी सुई घेतली, डबा गाडीत खाईन म्हणाली. एसटीत गर्दी, डबा उघडायला जागा नाही, त्यात गाडी बंद पडली. सायलीला हायपो झाला. हायपो म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. घाम, थरथर, मग शुद्ध जाते. वेळेवर गोड मिळालं नाही तर माणूस जातो. कंडक्टरबाईंनी आपल्या डब्यातला गूळ तिच्या गालात कोंबला, म्हणून पोरगी वाचली. त्या बाईंना मी नंतर जाऊन भेटलो, पण नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत.

त्या दिवशी सायली मला म्हणाली, "पप्पा, मी सुई न घेता मरणार का सुई घेऊन, ते एकदा विचारून तरी या."

म्हणून पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वहीतले आकडे बघितले आणि म्हणाल्या, "एक वर्ष झालं आणि इतकं थोडं इन्सुलिन पुरतंय? मला हे टाईप वन वाटत नाही." वर्षभर सुया टोचल्यावर कुणी असं म्हणालं तर काय वाटेल? मला वाटलं, आता ही बाई नवीन दुकान उघडणार.

त्यांनी दोन तपासण्या केल्या. अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्या पेशींवर हल्ला करतंय का त्याचा पुरावा. तो निघाला नाही. आणि सी-पेप्टाईड, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून बनवतंय का त्याची खूण. ती चांगली होती. मग त्या म्हणाल्या, "घरात लहान वयात, बारीक अंगाच्या कुणाला साखर होती का? मला तुमची वंशावळ सांगा."

वंशावळ हा माझा धंदाच. वारस नोंदीला, जातीच्या दाखल्याला मी हजारानं लिहिल्यात. त्यांनी कागद दिला, मी दोन मिनिटांत आखून दिली. पणजोबा, आजोबा, आबा म्हणजे माझे वडील, मी, सायली. आबांना साखर होती, अंगानं काटक होते, पायाची जखम चिघळून गेले, हेही सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना तुम्ही एकटेच?"

मी "हो" म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

सायली माझ्याकडे बघायला लागली. "पप्पा, आत्या आहे की. आत्या पण सुई घेते."

"तिचं नाव कमी झालंय," मी म्हणालो. कचेरीत आम्ही असंच बोलतो. बहिणीनं बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडला की त्याला हक्कसोड म्हणतात, आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रक्तातून कमी होत नाही," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या नावाच्या चौकोनाशेजारी स्वतः बहिणीचा म्हणून एक गोल काढला. मग विचारलं, "आणि तुमची साखर कधी तपासली?"

कधीच नव्हती तपासली. तिथंच तपासली, दोनशे साठ निघाली. मशीन बिघडलंय म्हणून मी दुसरं बोट पुढे केलं. मशीन चांगलं होतं.

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या शरीरात एचएनएफ वन आल्फा नावाचा एक जीन आहे. जीन म्हणजे आईबापाकडून आलेली लिखापढी. ह्या जीनवरून एक प्रथिन तयार होतं, त्याला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ते स्वतः इन्सुलिन बनवत नाही. दुसऱ्या जीन्सवर जाऊन बसतं आणि त्यांना हुकूम देतं, आता कामाला लागा, आता थांबा. मी म्हणालो, "म्हणजे साहेबाची सही. ती झाल्याशिवाय खालचा कारकून फाईल हलवत नाही." डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "बरोबर. तुमच्या घरातल्या साहेबाची सही अर्धवट आहे, असा मला संशय आहे. तसं असेल तर एका जुन्या, साध्या गोळीवर काम भागतं. गोळी साहेबाला वगळून थेट कारकुनालाच उठवते. इन्सुलिन कदाचित पूर्ण बंद होईल."

स्वस्तातलं औषध सांगणारा मोठा डॉक्टर मी बघितला नव्हता. त्यामुळे संशय आणखी वाढला. आमच्या घरावर प्रयोग तर करायचा नाही ना हिला? पण सायलीचा चेहरा बघितला आणि तपासणीला हो म्हणालो.

तिची जीनची तपासणी झाली. तिथून पुढे महिनाभर थांबणं. रिपोर्ट आला त्यावर लिहिलं होतं, व्हेरिअंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. म्हणजे ह्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलं, पण त्यानं आजार होतो का ते नक्की नाही. जन्मात पहिल्यांदा असा रिपोर्ट बघितला ज्याला स्वतःवरच संशय आहे. मग माझंही रक्त पाठवलं, त्यातही तोच बदल निघाला. पण डॉक्टर म्हणाल्या, "बापलेकीत सारखा बदल असणं योगायोगही असतो. एवढ्यावर मी तिचं इन्सुलिन बंद करायचं धाडस करणार नाही. तुमच्या बहिणीला आजार आहे. तिच्याही रक्तात तोच निघाला तर माझा हात मोकळा होईल. तिला घेऊन या, आणि ह्या संमतीपत्रावर सही आणा."

सही म्हटल्यावर मी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. कापूरहोळला दाजींचं पंक्चरचं दुकान आहे, मागे घर. तीन भाऊबीजा झाल्या, ती आली नव्हती, मीही बोलावलं नव्हतं. सायलीला घेऊन गेलो. आक्कानं तिला जवळ घेतलं, मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि बाही वर सारली.

"रगात घे. पायजे तेवढं घे. पोरीचं काम हाय. पर सही मागू नगं."

"सहीबिगर लॅब घेत न्हाई, आक्का."

"मंग न्हाई."

सायली म्हणाली, "आत्या, मी वाचून दाखवू? छापलेला कागद आहे, पुण्याहून आलाय."

"त्यो बी छापलेलाच व्हता," आक्का म्हणाली.

आता सांगतो. आबा गेल्यावर मी आक्काला वेल्ह्याला बोलावून घेतलं होतं. वारस म्हणून नाव लावायचंय, म्हणालो. कागद मीच छापील नमुन्यावर लिहून तयार केला होता, आणि तो हक्कसोडाचा होता. भाऊच लिहिणारा, म्हणून तिनं वाचला नाही. फोटो दिला, अंगठा दिला, सही केली. नंतर पानशेतच्या अंगाचं रान पुण्याच्या माणसानं बंगल्यासाठी घेतलं तेव्हा तिला कळलं. मी गावभर सांगत सुटलो, तिनं राजीखुशीनं सही केली म्हणून. लोकांच्या कागदात लबाडी शोधणारा मी, आणि सगळ्यात मोठी लबाडी माझ्या अक्षरात होती.

त्या घरात मी पहिल्यांदा हात जोडले. आक्का म्हणाली, "हात नगं जोडू. तू लोकांचं अर्ज लिवतोस न्हवं? एक माझा लिव."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. पंक्चरच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर. मी खाली सही करणार दत्तू, माझ्या बहिणीला वारस नोंदीचा कागद आहे असं चुकीचं सांगून...

आक्का चौथी शिकलेली. माझ्या पेनाच्या टोकावर तिची नजर होती. "चुकीचं न्हाई. खोटं लिव."

मी चुकीचं खोडलं, खोटं लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. सायली शेजारीच बसली होती. तिनं सगळं वाचलं आणि कागद आत्याच्या हातात दिला. आक्कानं कागदाची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मग संमतीपत्रावर सही केली.

रक्त गेलं. सहा आठवडे थांबलो. नळ्या बदलल्या तर, लेबल चुकलं तर, एवढंच डोक्यात फिरायचं. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा तिथल्या मुलीनं माझा आवाज ओळखला.

तिघांच्या रक्तात बदल एकच निघाला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, शंभर टक्के असं काही नसतं, पण आता गोळी देऊन बघायला हरकत नाही. आक्कानं विचारलं, "म्हंजी आबांचं ह्ये मला बी आन् ह्येला बी सारखंच आलं?"

"अगदी सारखं. मुलगा-मुलगी असा भेद त्याला नसतो."

आक्का माझ्याकडे वळली. "काय रं दत्तू, ह्येचं हक्कसोड लिवून घेतोस का?"

डॉक्टर हसल्या, सायली हसली. मी जमिनीकडे बघत बसलो.

सायलीला चार दिवस दवाखान्यात ठेवून गोळी सुरू केली, इन्सुलिन हळूहळू उतरवलं. मी दिवसातून सात वेळा तिची साखर बघायचो, मीटर बदलून बघायचो. शेवटी तिनं मीटर काढून घेतलं. पाचव्या आठवड्यात शेवटची सुई थांबली. त्या दिवशी ती एसटीत खिडकीजवळ बसून कॉलेजला गेली आणि मी टेबलावर बसून रडलो. समोर अर्ज लिहून घ्यायला बसलेले म्हातारबाबा घाबरले. मलाही तीच गोळी चालू आहे. आक्काच्या तीन सुया सुटल्या, एक अजून आहे. डॉक्टर म्हणाल्या, फार वर्षं गेली, सगळं सुटेल असं नाही. फार वर्षं का गेली, ते मला ठाऊक आहे. तीन भाऊबीजा तर मीच खाल्ल्या.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात बारीक, तरुण माणसाला साखर असेल, आणि ती बापाला होती, आजोबाला होती असं असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा. आपल्या मनानं इन्सुलिन बंद करू नका, त्यात जीव जातो. आणि वंशावळ मागितली तर बहिणी, आत्या, लग्न होऊन गेलेल्या सगळ्या सांगा. संशय घ्यायचाच तर आधी आपल्या सांगण्यावर घ्या.

नोंदवलेलं हक्कसोड कोर्टाशिवाय मागे फिरवता येत नाही. म्हणून उरलेल्या रानातला निम्मा हिस्सा आक्काला द्यायचं बक्षीसपत्र मी लिहिलं. सुमन पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, मग तीच म्हणाली, देऊन टाका. घेणारी म्हणून त्यावर तिचीही सही लागते, म्हणून कागद घेऊन आक्काकडे गेलो. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि मला घेऊन भोरला गेली, दुसऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडे. त्यानं शब्दन् शब्द वाचून दाखवला. आक्का मधेमधे थांबवायची, पुन्हा वाचायला लावायची. मी शेजारच्या बाकावर बसून होतो.

"ह्यात काय लपलंय का?" तिनं त्याला विचारलं.

"न्हाई, मावशी. सरळ कागद हाय."

आक्कानं पेन मागितलं. मी माझं पुढे केलं. ते तिनं घेतलं नाही, त्याचं घेतलं, आणि सही केली.